‘मोठ्या मॅचचा अनुभव हाय का?’
(माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनातील भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आणि ‘खेळावर बोल’ एवढंच सांगितलं. मी स्वतः मोठा खेळाडू कधीच नव्हतो, हे मागच्या बाकावरच्या मंडळींना सांगायची गरज नाही. मी टेबलाशी बसून स्कोअर लिहिणारा माणूस. पण स्कोअर लिहिणाऱ्याला एक फायदा असतो. तो मॅचमध्ये ओरडत नाही, त्यामुळे काय काय घडलं ते त्याच्या लक्षात राहतं.

आज मला एका प्रश्नावर बोलायचं आहे. तो आपल्या भागात प्रत्येक निवडीच्या वेळी विचारला जातो. पोरगं चांगलं खेळतं, कष्ट करतं, सगळं ठीक. मग बैठकीत कोणीतरी चष्मा पुसत म्हणतो, “ते ठीक हाय, पण पोराले मोठ्या मॅचचा अनुभव हाय का?” झालं. पोराचं नाव खाली जातं. आज दुपारच्या बैठकीत आपल्या क्रीडा निधीचं काय करायचं ते ठरणार आहे, म्हणून या प्रश्नाचा हिशेब सकाळीच लावून टाकू.

हा प्रश्न फक्त वऱ्हाडातला नाही. अमेरिकेत एनबीए नावाची व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धा आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं तिकडे आहेत, त्यांच्या घरी पहाटे यावरून वाद होत असतील. तिथेही प्लेऑफ सुरू झाले की जाणकार हेच म्हणतात : साखळीत कितीही जिंका, प्लेऑफचा अनुभव नसलेला संघ विजेता होत नाही. आता हे ऐका. १९७७ साली पोर्टलंडचा संघ आयुष्यात पहिल्यांदा प्लेऑफमध्ये आला. अंतिम फेरीत फिलाडेल्फियाविरुद्ध पहिले दोन सामने हरला आणि पुढचे चार जिंकून विजेता झाला. २०१५ साली गोल्डन स्टेटच्या संघात अंतिम फेरी खेळलेला एकही खेळाडू नव्हता. समोर क्लीव्हलंडकडून लेब्रॉन जेम्स, सलग पाचव्या अंतिम फेरीत. जिंकला गोल्डन स्टेट, ४-२.

मग अनुभव म्हणजे थापच म्हणायची का? तसंही नाही. २००६ मध्ये डॅलस अंतिम फेरीत मायामीकडून हरला. २०११ मध्ये पुन्हा मायामीच समोर आली, आणि या वेळी डॅलस जिंकला. २००६ च्या संघातले दोनच जण उरले होते, डर्क नोविट्झकी आणि जेसन टेरी. हे ‘दोनच जण’ लक्षात ठेवा. पुढे ते आपल्याच घरी येणार आहेत.

आता अमेरिका सोडून जामठ्याला येऊ. आपला विदर्भाचा संघ रणजी करंडकात १९५७-५८ पासून खेळतो आहे. आपण शाळेत असताना विदर्भाचा निकाल पेपरात कुठे छापून यायचा ते आठवा. खेळाच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात. साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरी नाही. ‘अनुभव लागतो’ हा नियम खरा असता, तर आपण आजही त्या कोपऱ्यातच असतो. कारण जिंकायला अनुभव हवा आणि अनुभवाला आधी तिथे पोहोचायला हवं.

डिसेंबर २०१७. सुरतेत उपांत्यपूर्व सामन्यात आपण केरळला ४१२ धावांनी हरवलं आणि कोलकात्याला ईडन गार्डन्सवर उपांत्य सामन्यात कर्नाटकासमोर उभे राहिलो. कर्नाटकाचा कर्णधार विनय कुमार. त्याच्या नेतृत्वाखाली त्यांनी २०१३-१४ आणि २०१४-१५ असे लागोपाठ दोन रणजी करंडक जिंकले होते. आपण पहिल्या डावात १८५ वर गारद. त्यांनी ३०१ केल्या, त्यात करुण नायरच्या १५३. दुसऱ्या डावात आपण ३१३ काढल्या आणि त्यांना १९८ चं लक्ष्य मिळालं. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांचे ७ बाद १११ होते. ८७ धावा हव्या आणि तीन गडी शिल्लक. मैदानावर पोहोचताना बहुतेकांना वाटलं असेल की अर्ध्या तासात खेळ आटोपतो.

तो आटोपला नाही. विनय कुमारने ३६ काढल्या, अभिमन्यू मिथुनने ३३, एका बाजूने श्रेयस गोपाल टिकून. धावा कमी होत होत्या आणि अनुभवी संघ त्यांचाच होता. अशा वेळी नवख्या संघाचे हात थरथरायला हवेत, असं जाणकारांचं पुस्तक सांगतं. रजनीश गुरबानीने शेवटचे तिन्ही गडी घेतले. डावात ६८ धावांत ७, सामन्यात १२ बळी. कर्नाटक १९२ वर सर्वबाद. आपण पाच धावांनी जिंकलो.

मग इंदूरचा अंतिम सामना. समोर दिल्ली, सात वेळची विजेती, संघात गौतम गंभीर, कर्णधार ऋषभ पंत. आपला उमेश यादव तेव्हा भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर. मोठ्या मॅचचा सर्वांत जास्त अनुभव असलेला वेगवान गोलंदाजच नाही. त्या जागी कोणाला घेतलं? अकोल्याच्या आदित्य ठाकरेला. वय एकोणीस. रणजीचा पहिलाच सामना, आणि तो थेट अंतिम सामना! अकोलेकरांनो, तुम्ही टाळ्या वाजवणार हे ठाऊक होतं म्हणून थांबलो. या पोराने पहिल्या डावात दोन बळी घेतले. गुरबानीने त्याच डावात हॅट्ट्रिक साधली. रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी अशी कामगिरी एकानेच केली होती, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमने, १९७२-७३ च्या मोसमात. फलंदाजीत यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ केल्या. ते त्याचं प्रथम श्रेणी सामन्यातलं पहिलंच शतक. १ जानेवारी २०१८ रोजी आपण नऊ गड्यांनी जिंकलो.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, झालं, अनुभवाची गरज नाही हे सिद्ध झालं. थांबा. त्या स्कोअरबुकात अजून नावं आहेत.

वसीम जाफर. मुंबईकडून आठ रणजी विजेतेपदं घेऊन विदर्भात आलेला. रणजीचा अंतिम सामना तो कधीच हरला नाही, विदर्भाकडून पुढे जिंकलेले दोन धरूनही. गणेश सतीश. तो कर्नाटकाकडून आलेला, २०१३-१४ च्या विजेत्या संघातला, त्या अंतिम सामन्यात शतक ठोकलेला. आणि गंमत बघा, हे दोघं आधी एकमेकांविरुद्ध अंतिम सामना खेळले होते. जानेवारी २०१० मध्ये म्हैसूरला. जाफर मुंबईचा कर्णधार, सतीश कर्नाटकाकडून, आणि मुंबई जिंकली सहा धावांनी. म्हणजे ईडन गार्डन्सवर सामना पाच धावांवर आला, तेव्हा आपल्या संघात तसाच एक सामना जिंकलेला एक जण होता आणि हरलेला एक जण होता.

तिसरे, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. २०१५-१६ मध्ये त्यांनी मुंबईला करंडक जिंकून दिला. पुढच्याच मोसमात मुंबई अंतिम सामना हरली, जानेवारी २०१७ मध्ये, इंदूरच्या त्याच होळकर मैदानावर. वर्षभरात तोच माणूस त्याच मैदानावर आपल्या पोरांना घेऊन परतला. खेळपट्टी, हवा, ड्रेसिंग रूम, चौथ्या दिवसाची दुपार, सगळं त्यांना माहीत होतं.

माझा मुद्दा इथे आहे. आपण संघाचा अनुभव मोजतो अकरा जणांची बेरीज करून. याचे किती सामने, त्याचे किती सामने. अनुभवाचं काम तसं चालत नाही. तो दोघा-तिघांकडे असला आणि बाकीच्यांपर्यंत पोहोचला, तर पुरतो. बाकीच्यांकडे लागतं कौशल्य, दम आणि भूक. आदित्य ठाकरेला अंतिम सामन्याचा अनुभव नव्हता. पण क्षेत्ररक्षणात जाफर उभा होता, कडेला पंडित बसलेले होते. पोराला स्वतःचा अनुभव लागला नाही, कारण दुसऱ्याचा हाताशी होता.

आता उलट बाजूही मांडतो, नाहीतर गणिताचे सर म्हणतील की उत्तर आधी लिहिलं आणि रीत नंतर.

पहिली गोष्ट. ‘अनुभवी संघ जास्त जिंकतात’ हे आकड्यांत दिसतं खरं. पण अनुभवी संघ बहुधा मुळातच चांगले असतात. चांगले आहेत म्हणून दर वर्षी पुढच्या फेरीत जातात, आणि जातात म्हणून अनुभवी होतात. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे नीट बघायला हवं. नुसतं पुन्हा पुन्हा बसून भागत असतं, तर आपल्या वेळी दहावीला तिसऱ्यांदा बसलेले बोर्डात पहिले आले असते! हसू नका, त्यातले दोन जण आज मोठे उद्योजक म्हणून पहिल्या रांगेत बसले आहेत.

बंगालचा संघ बघा. २०१९-२० मध्ये सौराष्ट्राविरुद्ध अंतिम सामना हरला. २०२२-२३ मध्ये पुन्हा सौराष्ट्रच, या वेळी बंगालच्या स्वतःच्या ईडन गार्डन्सवर. पुन्हा हरला. आणि सौराष्ट्र? ते २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ असे तीन अंतिम सामने हरून मग जिंकायला लागले. हरण्याचा अनुभव दोघांकडेही होता. एकाला तो शिडी झाला, दुसऱ्याला ओझं. इंदूरला पंडितांच्या मुंबईला हरवणाऱ्या गुजरातचंही बघा. मुंबई ४१ वेळची विजेती. गुजरातने त्याआधी अंतिम सामना खेळला होता १९५०-५१ मध्ये. पार्थिव पटेलने ९० आणि १४३ केल्या, आणि ४१ करंडक कपाटातच राहिले. कपाटातला अनुभव मैदानात उतरत नाही.

दुसरी गोष्ट. अनुभवी माणूस संघात आहे म्हणजे जिंकलोच, असंही नाही. २०१८-१९ चा अंतिम सामना आठवा. जामठ्यात आपण सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवलं. आदित्य सरवटेने ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत परत पाठवलं, १ आणि ० वर. हाच सरवटे पुढे केरळकडे गेला आणि २०२५ च्या अंतिम सामन्यात आपल्याविरुद्ध जामठ्यातच उतरला. ओळखीचं मैदान, दोन करंडकांचा अनुभव, आणि ७९ धावांची झुंजार खेळी. तरी करंडक आपल्याकडे राहिला. एकट्याचा अनुभव एका बाजूने टिकून राहतो. दुसऱ्या बाजूनेही कोणीतरी टिकावं लागतं.

तो २०२५ चा सामना थोडा सविस्तर सांगतो, कारण त्यात दोन्ही बाजू दिसतात. मार्च २०२४ मध्ये आपण वानखेडेवर मुंबईकडून १६९ धावांनी हरलो होतो. पहिल्या डावात फक्त १०५. पण चौथ्या डावात ५३८ चं अशक्य लक्ष्य समोर असताना आपण ३६८ पर्यंत लढलो, कर्णधार वाडकरने १०२ केल्या. ती हार मला फार मोलाची वाटते. पुढच्या वर्षी उपांत्य सामन्यात मुंबईच समोर आली. या वेळी आपण ८० धावांनी जिंकलो. डॅलस आणि मायामी आठवतात ना? तेच.

अंतिम सामन्यात केरळ पहिल्यांदाच पोहोचलं होतं. आपला चौथा. तरी सुरुवात कशी झाली? ३ बाद २४. आधीच्या तीन अंतिम सामन्यांचा अनुभव त्या सकाळी कुठे गेला होता कोण जाणे! तेव्हा खेळपट्टीवर दोघं होते. एक करुण नायर, ज्याने २०१५ च्या रणजी अंतिम सामन्यात कर्नाटकाकडून ३२८ केल्या होत्या. होय, ईडन गार्डन्सवर आपल्याला १५३ धावांनी छळणारा तोच, आता आपल्या बाजूने. दुसरा दानिश मालेवार, वय एकवीस, रणजीचा पहिलाच मोसम. एकाकडे अनुभवाची पोतडी, दुसऱ्याची पाटी कोरी. त्यांनी २१५ धावांची भागी केली. दानिशच्या १५३, करुणच्या ८६. सामनावीर कोण? दानिश.

केरळला पहिल्या डावाच्या आघाडीचं महत्त्व शिकवायची गरज नव्हती. सामना अनिर्णित राहिला की आघाडीवाला जिंकतो, हे रणजीचं गणित त्यांना पाठ होतं. उपांत्यपूर्व सामना ते एका धावेच्या आघाडीवर पार झाले होते आणि उपांत्य सामना दोन धावांच्या. अंतिम सामन्यात आपल्या ३७९ ला उत्तर देताना त्यांचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर बाद झाला, आणि नंतर डाव फार लांबला नाही. ३४२. आघाडी आपली, ३७ धावांची. मग आपण काय केलं? घाई केली नाही. करुणने १३५ केल्या आणि आपण शेवटच्या दिवसापर्यंत खेळत राहिलो, ९ बाद ३७५. काही लोकांना ते कंटाळवाणं वाटलं. मला त्यात अनुभव दिसला. हातात आलेलं सोडायचं नाही, आणि टाळ्यांसाठी तर मुळीच नाही.

अमरावतीकर बराच वेळ शांत बसलेत, त्यांच्यासाठी एक. जितेश शर्मा. मे २०२५ मध्ये लखनौला बंगळुरूचा बदली कर्णधार म्हणून उतरला. लक्ष्य २२८. त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ ठोकल्या आणि संघाला पहिल्या दोनांत नेलं. तोवर तो आयपीएलच्या प्लेऑफचा एकही सामना खेळलेला नव्हता. अंतिम सामन्यात पंजाबविरुद्ध त्याने १० चेंडूंत २४ केल्या. बंगळुरू जिंकलं सहा धावांनी. आता त्या २४ चं मोल तुम्हीच काढा. पण त्या सामन्याचा सामनावीर होता कृणाल पंड्या, चार षटकांत १७ धावा देऊन २ बळी. २०१७ च्या अंतिम सामन्यात, मुंबईकडून, सामनावीर तोच होता. परत तीच जोडी : एक पहिल्यांदा आलेला, एक आधी जाऊन आलेला.

मग अनुभव म्हणजे नेमकं काय असतं? मला वाटतं, त्यात फार गूढ काही नाही. आदल्या रात्री झोप लागणार नाही हे आधीच माहीत असणं. पहिली दहा मिनिटं पाय जड होतात आणि मग सुटतात हे माहीत असणं. गर्दीचा आवाज वाढला की आपण वेगाने खेळू लागतो, तेव्हा मुद्दाम बुटाची नाडी बांधायला बसणं. नियम पाठ असणं. आणि एक चूक झाली म्हणून दुसरी करायची नसते, हे अंगात मुरलेलं असणं. हे सगळं सांगता येतं, शेजारी उभं राहून दाखवता येतं. आणि जे सांगता येतं ते नाही म्हणून पोराला बाहेर बसवणं, हा आळस आहे. सांगायचं काम मोठ्यांचं, ते मोठ्यांनी केलेलं नसतं.

राजेहो, आपल्याच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. ‘तुम्हाला ऑलिंपिकचा अनुभव आहे का?’ असं कोणी विचारलं असतं, तर ती मंडळी बडनेऱ्याच्या पुढेही गेली नसती.

म्हणून दुपारच्या बैठकीसाठी माझं म्हणणं सरळ मांडतो. निधीतून एखाद्या नामवंत खेळाडूला एक दिवस बोलवावं, सत्कार करावा, फोटो काढावेत, अशी एक सूचना आली आहे. पाहुण्यांचा मान आहेच. पण फोटोतून अनुभव उतरत नाही. त्याऐवजी दर वर्षी शाळांची एक बाद फेरीची स्पर्धा घ्यावी, एक वर्ष अमरावतीला, एक वर्ष अकोल्याला. दर्यापूर, अचलपूर, अंजनगाव, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर, सगळीकडच्या शाळांना बोलवावं. क्रिकेट ठेवा, बास्केटबॉल ठेवा, कबड्डी ठेवा. पण तीन अटी असाव्यात.

एक, प्रत्येक संघात कधीच स्पर्धा न खेळलेले किमान दोन जण असावेत आणि त्यांना मैदानात उतरवावं, पाण्याच्या बाटल्या धरायला ठेवू नये. दोन, प्रत्येक संघाबरोबर आपल्यातला एक माजी खेळाडू तिन्ही दिवस राहावा. भाषण करायला नाही, शेजारी बसायला. तीन, पहिल्या फेरीत हरलेल्यांना त्याच दिवशी घरी पाठवू नये. त्यांना दुसऱ्या दिवशी आणखी एक सामना मिळावा. हरल्यावर लगेच पुन्हा खेळायला उतरणं हे मोठ्या मॅचचं पहिलं शिक्षण आहे, आणि ते एस.टी.त बसून घरी जाताना मिळत नाही.

आणि मुलींचे संघ पहिल्याच वर्षापासून. आपल्या वर्गातल्या मुलींना मैदान किती वेळा मिळालं, हे त्या इथेच बसल्या आहेत, त्यांना विचारा.

सर, बाई, तुम्ही आम्हाला वक्तृत्वाला, नाटकाला, सामन्यांना पहिल्यांदा पुढे ढकललंत, तेव्हा आमच्यापैकी एकाकडेही अनुभव नव्हता. तुमच्याकडे होता, आणि तुम्ही विंगेत उभे होतात. आता विंगेत उभं राहायची पाळी आमची आहे. दुपारी हात वर करताना एवढं लक्षात ठेवा.

जेवणात भरीत-भाकरी आहे असं कळलंय, म्हणून घंटा वाजायच्या आत थांबतो.